नऊ नंबरचा मासा

काकूंचा हात बुधवारी मोडला आणि टी-शर्ट शुक्रवारी आले. हा क्रम उलटा झाला असता तर काकूंच्या नवऱ्याची, म्हणजे मापसाहेबांची, अब्रू शाबूत राहिली असती, कारण मग काकूंनी शर्टांवरचं भरतकाम दोन दिवसांत स्वतःच उरकलं असतं आणि मापसाहेबांना मशीनच्या खोलीत फक्त चहा मागायला जावं लागलं असतं.

हात मोडला तोही घरात. दोन वर्षं तलावाच्या ओल्या फरशीवर वावरलेली बाई मागच्या दाराच्या कोरड्या पायरीवर घसरली. उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं आणि डॉक्टरांनी दीड महिना पाण्यात उतरायचं नाही म्हणून सांगितलं. पोहण्याची स्पर्धा होती पुढच्या रविवारी.

काकूंच्या पथकात पंधरा जणी होत्या, सगळ्या पंचावन्नच्या पुढच्या. कोणी नातवंडांना शाळेत सोडून यायची, कोणी गुडघ्याला पट्टा बांधून यायची. त्यांना शिकवणारी कोच त्यांच्या मुलींच्या वयाची होती. तिच्या तोंडात कायम शिट्टी असायची म्हणून सगळ्या तिला शिट्टीबाई म्हणत. काकूंना दोन वर्षांत एकच प्रकार जमला होता, उताणं पोहणं. तोंड पाण्यात गेलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. पण पाठीवर पडल्या की तलावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आरामात पोचायच्या. त्या शर्यतीसाठी त्यांचं नाव लागलं होतं. आयुष्यातली पहिली शर्यत, आणि तीही हुकली.

शिट्टीबाई प्लास्टर बघायला आली तेव्हा काकू तिला म्हणाल्या, "पोहणं गेलं, पण शर्टावरचे मासे मीच भरणार. ठरल्याप्रमाणे."

"काकू, एका हाताने? बाजारात टाकते ना मी."

"बाजारात नाही टाकायचे."

एवढं बोलून काकूंनी मान दुसरीकडे वळवली. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते कोणी बघितलेलं त्यांना आवडत नसे. हे मापसाहेबांना कळलं. आता, नवऱ्याला अशा वेळी काहीतरी करावंसं वाटतं, आणि पुष्कळसे घोटाळे तिथूनच सुरू होतात. ते म्हणाले, "तिचा हात मोडलाय, माझे दोन्ही धड आहेत. ती सांगेल, मी करीन."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. नोकरीत असताना मापसाहेब दुकानदाराच्या तराजूकडे अगदी अशाच नजरेने पाहत असत.

मापसाहेब वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले होते. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांचे तराजू, मीटरपट्ट्या आणि लिटरची मापं तपासली होती. घरातला चहाचा कपही किती मिलिलिटरचा आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि तो पाच मिलिलिटर कमी भरला तर ते बोलत नसत, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. अशा माणसाला वाटणारच की कापडावर मासा भरणं म्हणजे शेवटी मोजमापाचंच काम.

पहिली अडचण मात्र त्यांच्या आवडीची निघाली. तलावाच्या कार्यालयाने कळवलं की स्पर्धकांच्या कपड्यांवरच्या चिन्हाला लेखी मंजुरी हवी. बाकी कोणी वैतागलं असतं. मापसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. शिट्टीबाईने काढलेलं चित्र दोन प्रतींत बरोबर घेतलं. चित्र म्हणजे काय, लांबट पोट, त्रिकोणी शेपूट, बरोबर मध्ये डोळ्याचा ठिपका, पाठीवर एक पंख आणि तोंडापाशी तीन बुडबुडे.

खिडकीच्या पलीकडच्या कारकुनाने चित्र बराच वेळ पाहिलं.

"मासा कुठल्या प्रकारचा?"

"साधा," मापसाहेब म्हणाले.

कारकुनाने लिहिलं, "साधा मासा, नग एक." मग विचारलं, "हे गोळे?"

"बुडबुडे. तीन."

"बुडबुडे, नग तीन," असं लिहून त्याने दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, एक प्रत फाईलमध्ये लावली आणि दुसरी मापसाहेबांना दिली. कागद मापसाहेबांच्या बाजूने सरळ ठेवलेले होते आणि शिक्का कारकुनाच्या बाजूने पडला होता, ही गोष्ट त्या वेळी दोघांच्याही लक्षात आली नाही. मापसाहेब इतक्या दिवसांनी ताज्या शिक्क्याची शाई बघून हळवे झाले होते.

सोमवारी सकाळी शिट्टीबाई काकूंना स्कूटरवरून प्लास्टर दाखवायला घेऊन गेली. जाताना काकूंनी बजावलं, "मी येईपर्यंत शर्टांना हात लावू नका. फारच हात शिवशिवले तर तुमच्या जुन्या बनियनवर करून बघा."

सल्ला सोन्यासारखा होता. पण मापसाहेबांच्या खात्याचा एक नियम होता की नमुना त्याच मालातला हवा. गव्हाच्या पोत्याची तपासणी तांदळावर करत नाहीत. बनियनवरचा मासा चांगला आला म्हणून शर्टावरचा येईल याला पुरावा काय? तेव्हा नमुना पंधरा शर्टांतूनच काढायचा असं ठरलं. पाठीवर नंबर छापलेले होते. मापसाहेबांनी गठ्ठा चाळला आणि नऊ नंबरचा काढला. त्यांचा हिशेब सरळ होता. नऊ नंबर काकूंचा, काकू यंदा पोहणार नाहीत, म्हणजे हा शर्ट बिघडला तरी कोणाचं काही अडत नाही. यात काही चुकतंय असं त्यांच्या मनालाही शिवलं नाही.

तेवढ्यात समोरच्या घरातले टाकीवाले आले. हे निवृत्त इंजिनिअर. यांनी उभ्या आयुष्यात पाण्याच्या टाक्या बांधल्या, आणि जगात टाकीचे नियम लागू पडत नाहीत अशी एकही गोष्ट नाही अशी त्यांची ठाम समजूत होती. गळायचा मात्र त्यांच्याच घरचा नळ.

भरतकामाच्या मशीनला रिंग असते. एकात एक बसणाऱ्या दोन चौकटी, बाहेरच्या चौकटीला स्क्रू. मध्ये कापड धरायचं, कापडाच्या खाली बॅकिंग नावाचा कागदासारखा आधार घालायचा, म्हणजे सुई हजारो टाके घालत असताना कापड गोळा होत नाही. काकूंकडे बॅकिंगचे तीन गुंडाळे होते आणि प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती. एक फाडून काढायचं, एक कापून काढायचं आणि एक पाण्यात विरघळणारं.

"शर्ट कशासाठी आहेत?" टाकीवाल्यांनी विचारलं.

"पोहण्याच्या स्पर्धेसाठी."

"मग झालं. पाण्यात विरघळणारं लावा. आपोआप निघून जाईल, कापाकापी नको."

मापसाहेबांना हे एकदम पटलं. दोन शहाण्या माणसांचं इतक्या झटपट एकमत झालं की तिसऱ्याने सावध व्हावं; पण तिसरं कोणी घरात नव्हतं. त्यांनी तो पारदर्शक पापुद्रा कापून टेबलावर पसरला. टाकीवाल्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. कप उचलला तेव्हा पापुद्र्याला कपाच्या बुडाएवढं गोल भोक पडलं होतं आणि कडा टेबलाला चिकटल्या होत्या. "बघा, किती छान विरघळतंय," टाकीवाले म्हणाले. दुसरा तुकडा कापला.

आता कापड ताणण्याचा प्रश्न आला. शर्ट बनियनच्या जातीचा, विणीचा, ओढू तितका येणारा. टाकीवाल्यांचं म्हणणं, ढोलकीसारखं वाजलं पाहिजे. मापसाहेब एका बाजूने ओढत होते, टाकीवाले दुसऱ्या बाजूने. स्क्रू बोटांनी वळेना तेव्हा पक्कड आणली. मापसाहेबांनी पोलादी पट्टी लावून पाहिलं, चार इंचाचं कापड साडेपाच इंच झालं होतं. टिचकी मारली तर टण्ण आवाज आला. दोघांनी समाधानाने मान हलवली.

रिंगची खालची चौकट शर्टाच्या पोटात घालायची असते, म्हणजे फक्त पुढची बाजू धरली जाते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी ती अख्ख्या शर्टाच्या खाली ठेवली होती.

मशीनच्या पडद्यावर मासा आला. मापसाहेबांनी मंजूर चित्राची प्रत शेजारी धरली आणि ते थबकले. शिक्क्यातली अक्षरं सरळ वाचता येतील असा कागद धरला, तर त्यावरचा मासा पडद्यावरच्या माशाशी जुळत नव्हता. पाठीवरचा पंख खाली, बुडबुडेही खाली.

"पडद्यावर उलटा आलाय," ते म्हणाले.

"कागद उलटा नसेल ना?" टाकीवाल्यांनी विचारलं. दिवसभरातलं त्यांचं हे एकच शहाणपणाचं वाक्य होतं.

"शिक्का सरळ आहे," मापसाहेब म्हणाले. बत्तीस वर्षांत त्यांनी कागदाची वरची बाजू शिक्क्यावरूनच ओळखली होती. त्यांनी फिरवण्याचं बटण दोनदा दाबलं आणि पडद्यावरचा मासा शिक्क्याप्रमाणे झाला.

"पण बुडबुडे खाली चाललेत," मापसाहेब म्हणाले.

"माशाला टाकलेले दाणे असतील," टाकीवाले म्हणाले. मापसाहेबांनी आयुष्यात कधी पाण्याखाली डोळे उघडले नव्हते. त्यांनी बटण दाबलं.

बावीस मिनिटं मशीन खडखडत होतं आणि ताणलेल्या कापडावर मासा इतका देखणा उतरत होता की टाकीवाल्यांनी शेजारधर्म म्हणून स्वतःसाठी एक उशीचा अभ्रा बोलून ठेवला. मग स्क्रू सैल केला. साडेपाच इंचाचं कापड आपल्या चार इंचांवर परत गेलं. टाके होते तिथेच राहिले. दोघांच्या देखत मासा म्हातारा झाला. अंगभर सुरकुत्या, डोळा आत गेलेला, शेपूट गोळा.

"अंगात घातला की ताणला जाईल," टाकीवाले म्हणाले. "घालून बघा."

मापसाहेबांनी दार लोटून घेतलं आणि नऊ नंबरचा शर्ट डोक्यावरून चढवला. हात बाह्यांत गेले, डोकं निम्म्या शर्टापर्यंत गेलं आणि तिथे अडलं. कारण छातीपाशी शर्टाची पुढची बाजू पाठीला पक्की शिवली गेली होती. पुढे जाता येईना, मागे येता येईना. हात वर, तोंड आत. टाकीवाल्यांनी खालून ओढलं, मग वरून ओढलं, मग जरा लांब उभं राहून परिस्थितीचा अभ्यास केला.

"कुठे अडलंय?" त्यांनी विचारलं.

"माशापाशी," आतून आवाज आला.

नेमकं त्याच वेळी दार उघडलं आणि काकू आणि शिट्टीबाई आत आल्या.

शिट्टीबाईच्या तोंडातून सवयीने शिट्टी वाजली. मग ती म्हणाली, "काका, हलू नका. घाबरू नका. श्वास सोडा." बुडणाऱ्या माणसाला सांगतात तसं तिने शांतपणे सांगितलं, आणि दोन्ही बाह्या धरून शर्ट उपसून काढला. मापसाहेब बाहेर आले तेव्हा त्यांचे केस उभे होते. टाकीवाले "आमचं दूध वर ठेवलंय" म्हणत निघून गेले होते.

काकूंनी डाव्या हाताने शर्ट घेतला. मासा पाहिला, त्याच्या सुरकुत्या पाहिल्या, तो पोट वर करून आहे हेही पाहिलं. इथपर्यंत त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. मग त्यांनी शर्ट उलटा केला आणि पाठीवरचा नंबर वाचला.

"हा माझा आहे."

"हो. म्हणजे, तू यंदा पोहणार नाहीस, म्हणून म्हटलं नमुन्याला..." मापसाहेबांनी वाक्य सुरू केलं, पण ते संपवायला त्यांना जागा सापडेना.

काकूंनी शर्टाची एका हाताने घडी घातली, नीट जमली नाही, तशीच खुर्चीवर ठेवली आणि आत गेल्या. शिट्टीबाईने मापसाहेबांकडे पाहिलं. ही मुलगी त्यांच्या निम्म्या वयाची, पण त्या नजरेपुढे त्यांना बाकावर उभं केल्यासारखं वाटलं. बत्तीस वर्षांत त्यांनी शेकडो दुकानदारांना खोटं माप दाखवून खजील केलं होतं. आपण घरात काय मापाने मोजलं, ते त्यांना आत्ता कळलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

दुपारी काकू मशीनपाशी येऊन बसल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून मापसाहेबांना जास्त भीती वाटली.

"अजून चौदा आहेत. खालची रिंग शर्टाच्या आत घाला. कापून काढायचं बॅकिंग घ्या. हां, ते ताणून धरा. कापड नाही, बॅकिंग."

"कापड सैल राहील ना."

"सैल नाही, आणि ताणायचंही नाही. नुसतं निजू द्या त्याच्यावर. पहिल्या दिवशी पाण्यात मी अशीच अंग ताणून पडले होते. बुडत होते. शिट्टीबाईने पाठीखाली हात धरला आणि म्हणाली, काकू, धरायचं काम माझं, तुम्ही फक्त पडा. तसं."

मापसाहेबांनी पक्कड खणात ठेवली. त्यांनी कापड हलक्या हाताने बॅकिंगवर पसरलं, तळव्याने सारखं केलं आणि स्क्रू दोन बोटांनी, जेवढा वळला तेवढाच वळवला. मासा सपाट आला, सरळ आला, बुडबुडे वर गेले. दोन दिवसांत चौदा मासे झाले. काकू प्रत्येक मासा बोटाने चाचपत आणि "हं" म्हणत. खुर्चीवरच्या शर्टाबद्दल चकार शब्द निघाला नाही.

बोलणं नाही म्हटल्यावर मापसाहेबांनी आपल्या परीने सुरुवात केली. रोज सकाळी काकू तलावाच्या काठावर बसायला गेल्या की ते नऊ नंबरचा शर्ट मांडीवर घेत. टाके उसवून पाहिले तर विणीला भोकं पडू लागली. मग त्यांना एक युक्ती सुचली. पाठीची बाजू माशाच्या कडेने बारीक कात्रीने कापून टाकली, तेव्हा शर्ट पुढे-मागे सुटा झाला. माशाखाली पाठीचाच तुकडा चिकटून राहिला, म्हणजे बॅकिंगची सोय झाली. पण पाठीला, नऊच्या शेजारी, माशाच्या आकाराचं भोक पडलं. त्याला ठिगळ हवं आणि रंग जुळायला हवा. घरभर शोधून जुळणारा रंग एकाच कपड्याचा निघाला, निरोप समारंभाच्या दिवशी घातलेल्या त्यांच्या आकाशी शर्टाचा. तो त्यांनी त्या दिवसापासून घातला नव्हता, जपून ठेवला होता. त्यांनी तो कापला. हाताने शिवलेले टाके वाकडेतिकडे आले, एकही दुसऱ्याच्या मापाचा नव्हता. शनिवारी संध्याकाळी त्यांनी घडी काकूंच्या उशाशी ठेवली आणि कामाचं निमित्त काढून बाहेर गेले. परत आले तेव्हा घडी तिथे नव्हती.

रविवारी सकाळी तलावाच्या दाराशी तोच कारकून टेबल टाकून बसला होता, समोर फाईल उघडी. इतर पथकं आत जात होती. काकूंच्या पथकाची पाळी आली. चौदा जणी पुढे, आणि मागे काकू, प्लास्टर बाहीतून बाहेर काढलेलं, अंगात नऊ नंबरचा शर्ट. मापसाहेबांनी तो पाहिला आणि पाठीवरच्या ठिगळाचे टाके लांबूनच मोजले.

कारकुनाने फाईलमधली प्रत शिक्का सरळ येईल अशी धरली. पहिलीचा मासा पाहिला, दुसरीचा पाहिला. पेन खाली ठेवलं.

"मंजुरीप्रमाणे नाहीत. पाठीवरचा पंख खाली पाहिजे. बुडबुडे खाली पाहिजेत." त्याने रांगेवरून नजर फिरवली. "या एक बाई बरोबर आहेत. नऊ नंबर. तुम्ही आत जा."

त्यामुळे असं झालं की ज्या चौदा जणी पोहणार होत्या त्या बाहेर उभ्या राहिल्या, आणि जिला पाण्यात उतरायची बंदी होती ती एकटी आत. शिट्टीबाईच्या तोंडातली शिट्टी थरथरायला लागली. आत पहिल्या शर्यतीची नावं पुकारत होते.

मापसाहेबांच्या खिशात दुसरी प्रत होती. खरं सांगायचं तर एक क्षणभर त्यांना बरं वाटलं. पंधरा माशांतला कायदेशीर मासा त्यांचाच ठरला होता, सरकारी टेबलावर, साक्षीदारांसमोर. गप्प राहिले असते तर तो तसाच राहिला असता. ते टेबलापाशी गेले.

"साहेब, शिक्का उलटा पडलाय."

"शिक्का उलटा पडत नसतो," कारकून म्हणाला. "कागद उलटा असतो."

"मीही बत्तीस वर्षं हेच म्हणत होतो," मापसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला आणि रांगेतल्या सगळ्या जणी वळल्या. "त्याच हट्टापायी बायकोचा शर्ट नासवला. तिला विचारलंही नाही. ती पोहणार नाही म्हणून तिचा शर्ट फुकटचा, असं धरून चाललो. चूक माझी आहे. या चौदा जणींना का अडवता? तुम्ही तुमच्या बाजूने शिक्का मारला होता, कागद माझ्या बाजूने होता. आता दुसरा मारा."

कारकुनाने कागद फिरवून पाहिला. पुन्हा फिरवला. तोही शेवटी नोकरीतला माणूस. बुडबुडे वर जातात हे त्याला एकदम उमगलेलं दिसलं. त्याने कागद उलटा केला आणि फाईलवरच्या व मापसाहेबांच्या प्रतीवर दुसऱ्या टोकाला नवा शिक्का मारला. मग लाल पेन उघडलं.

"आता पहिला शिक्का रद्द करतो."

मापसाहेबांनी शिक्क्यावर हात ठेवला.

"तो रद्द करायचा नाही. तो नऊ नंबरचा आहे."

कारकुनाने त्यांच्याकडे पाहिलं, आत उभ्या असलेल्या काकूंकडे पाहिलं, आणि रद्द करण्याचा अर्ज वेगळा भरावा लागतो असं पुटपुटत लाल पेन बंद केलं. चौदा जणी धावत आत गेल्या.

शिट्टीबाई काकूंपाशी थांबली. "काकू, तुमचा मासा मात्र उलटाच राहिला."

"उलटा कुठे गं," काकू म्हणाल्या, "उताणा पोहतोय. मलाही तेवढंच येतं."

मग त्यांनी डाव्या हाताने आपली पिशवी मापसाहेबांच्या हातात दिली. "पाठीवरचं ठिगळ घट्ट शिवलंय का हो? एक टाका सुटल्यासारखा वाटतोय."

"बघतो घरी गेल्यावर."

"घरी गेल्यावर मी सांगते कसा घालायचा ते," असं म्हणून काकू काठावर, उताण्या शर्यतीच्या टोकाला, बाकीच्यांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मापसाहेबांनी दोन शिक्क्यांच्या कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. कुठली बाजू वर आहे, ते त्यांनी पाहिलं नाही.